जाळीआडचें मैदान

एखाद्या शहरास आपल्या खेळाचें संग्रहालय उभारावेंसें वाटलें, म्हणजे तें काम वरकरणीं फार सोपें दिसतें. चांदीचे करंडक, जुनीं छायाचित्रें, नामांकित खेळाडूंच्या बॅटी व टोप्या, वर्तमानपत्रांतील कात्रणें एवढें जमविलें, कांचेचीं कपाटें करविलीं, आणि एखाद्या थोर गृहस्थाच्या हस्तें फीत कापविली कीं झालें! आमच्याकडील कित्येक क्लबांच्या व जिमखान्यांच्या भिंती अशाच सजलेल्या असतात. विजयाची तारीख तेथें असते. परंतु त्या विजयाच्या दिवशीं कोणास मंडपाबाहेर उभें राहावें लागलें होतें, याची नोंद सहसा आढळत नाहीं. ज्या शहरानें आपल्या कांहीं खेळाडूंस डोक्यावर घेतलें आणि तितक्याच गुणी अशा दुसऱ्या कांहींस दाराबाहेर ठेविलें, त्या शहरानें आपल्या क्रीडावैभवाचें संग्रहालय कसें योजावें? हा प्रश्न अमेरिकेंतील कॅन्सस सिटी या शहरापुढें १९९० सालापासून आहे. त्याचें उत्तर तेथील लोकांनीं कसें शोधिलें व अजून कसें शोधीत आहेत, तें जवळून पाहण्याचा योग आम्हांस आला. आणि तेव्हांपासून आपल्याकडील तीं कांचेचीं कपाटें आम्हांस पूर्वीसारखीं दिसत नाहींतशीं झालीं आहेत.

आमची मुलगी व जांवई नोकरीच्या निमित्तानें कॅन्सस सिटींत राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां कांहीं महिने तेथें राहावयास गेलों होतों. मिसूरी नदीच्या कांठीं वसलेलें हें शहर अमेरिकेच्या जवळजवळ मध्यावर आहे. आमचा दहा वर्षांचा नातू बेसबॉलच्या नादानें पुरता भारलेला. आमचें सारें आयुष्य क्रिकेटच्या धांवफलकाकडे पाहण्यांत गेलेलें. तेव्हां या नव्या खेळाची दीक्षा त्यानेंच आम्हांस दिली. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ. चेंडू टप्पा न पाडतां थेट फेंकावयाचा. बॅट सपाट नसून मुसळासारखी गोल. आणि ती मारून एकामागून एक तीन ठाणीं ओलांडून पुन्हां मूळ ठिकाणीं परतावें, म्हणजे एक धांव. “आजोबा, तुमच्या क्रिकेटमध्यें माणूस नुसता पुढें-मागें धांवतो, आमच्यांत तो घरीं परत येतो,” असें त्यानें आम्हांस ऐकविलें. त्या मूळ ठिकाणास ते लोक खरोखरच ‘घर’ म्हणतात. पुढें जें पाहिलें त्यामुळें हा शब्द आमच्या मनांत घर करून राहिला.

हा खेळ अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून मिरविला जातो. परंतु या राष्ट्रीय खेळांत राष्ट्रांतील सर्वांस प्रवेश नव्हता. १८८४ सालीं मोझेस फ्लीटवुड वॉकर नांवाचा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडो शहराच्या संघांतून वरिष्ठ श्रेणींत खेळला होता. पण त्यानंतर लवकरच अशा खेळाडूंस संघांत घ्यावयाचें नाहीं, असा संकेत गोऱ्या संघमालकांत रूढ झाला. हा संकेत नियम म्हणून कोठें लिहिलेला नव्हता, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लिहिलेला नियम खोडतां येतो. जो लिहिलाच नाहीं तो खोडावयाचा कोठून? तो साठ वर्षांहून अधिक काळ टिकला.

दार बंद आहे असें पाहून बाहेरच्या लोकांनीं आपलें स्वतंत्र घर बांधिलें. १३ फेब्रुवारी १९२० रोजीं शिकागोच्या संघाचा चालक रूब फॉस्टर यानें कृष्णवर्णीय संघांच्या मालकांस कॅन्सस सिटींत एकत्र केलें. पसेओ नांवाच्या रस्त्यावरील वाय. एम. सी. ए.च्या इमारतींत बैठक भरली, आणि तींत ‘निग्रो नॅशनल लीग’ ही साखळी-स्पर्धा जन्मास आली. ‘निग्रो’ हा शब्द आज तेथें शिष्टसंमत नाहीं. तथापि संस्थांचीं नांवें इतिहासाचा भाग म्हणून तशींच ठेविलीं आहेत, व आम्हीही त्याच कारणानें तो येथें वापरीत आहों. कॅन्सस सिटीचा ‘मोनार्क्स’ हा संघ या साखळींत आरंभापासून होता. १९२४ सालीं दोन कृष्णवर्णीय साखळ्यांच्या विजेत्यांत पहिली जागतिक मालिका झाली, ती या मोनार्क्सनींच जिंकिली.

मोनार्क्सची एक कथा तर कोणाही योजकास हेवा वाटावा अशी आहे. संघाचे मालक जे. एल. विल्किन्सन हे स्वतः गोरे होते. दिवसभर राबणाऱ्या माणसास दुपारचा सामना पाहावयास सवड कोठली? म्हणून १९३० सालीं त्यांनीं ट्रकांवर उंच खांब उभारून विजेच्या दिव्यांची एक फिरती आरास तयार करविली. वीज उत्पन्न करणारें यंत्रही बरोबरच असे. गांवोगांव हें बिऱ्हाड जावें, सायंकाळीं खांब उभे राहावे, आणि दिव्यांच्या उजेडांत खेळ रंगावा. वरिष्ठ श्रेणींतील श्रीमंत गोऱ्या संघांचा पहिला रात्रीचा सामना सिनसिनाटी येथें झाला तो १९३५ सालीं! ज्यांस कनिष्ठ म्हणून बाहेर ठेविलें, ते पांच वर्षें पुढें होते. रविवारीं मोनार्क्सचा सामना असला म्हणजे चर्चमधील अकराची उपासना दहालाच सुरू करीत, आणि उपासनेचींच उत्तम वस्त्रें लेऊन स्त्रीपुरुष थेट मैदानावर जात, असें या संघाचे जुने खेळाडू व चालक बक ओ’नील सांगत असत.

असें हें वैभव. आतां त्याचें संग्रहालय करावयाचें, तर पहिली अडचण अशी कीं, मांडावयास वस्तु कोठून आणाव्या? श्रीमंताच्या घरीं पणजोबांची पगडीदेखील पेटींत जपलेली सांपडते. गरिबाच्या घरीं कपडा फाटेपर्यंत वापरावयाचा असतो. या संघांचें जिणें बहुतेक मोटारबसमध्यें. वाटेंतील कित्येक गांवीं त्यांस उपाहारगृहांत जेवण व उतारूगृहांत खोली मिळत नसे. मग बसमध्येंच झोंपावयाचें व बसमध्येंच कपडे बदलावयाचे. अशा संसारांत जुना गणवेष कोण जपून ठेवणार? शिवाय, आपण खेळतों आहों हा इतिहास आहे, असें त्यांस कोणी कधीं सांगितलेंही नव्हतें. वस्तूंची ही कथा, तर वास्तूची त्याहून वाईट. शहराच्या बाविसाव्या रस्त्यावर १९२३ सालीं जें क्रीडांगण बांधलें गेलें, त्यावर मोनार्क्सही खेळत व गोऱ्यांचा ‘ब्लूज’ हा संघही खेळे. गवत एक, ठाणीं तींच. साखळ्या मात्र निराळ्या. १९७६ सालीं तें क्रीडांगण पाडण्यांत आलें. आम्ही मुद्दाम ती जागा पाहावयास गेलों, तों तेथें नीटनेटकीं घरें व एक लहानसा स्मरणचौक एवढेंच दिसलें.

वस्तु नाहींत, वास्तु नाहीं. मग राहिले काय? राहिले कागद. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनीं या सामन्यांकडे बहुधा दुर्लक्षच केलें. पण कृष्णवर्णीयांचीं स्वतःचीं साप्ताहिकें होतीं. १९१९ सालीं निघालेलें कॅन्सस सिटीचें ‘कॉल’, तसेंच ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’ अशा पत्रांनीं सामन्यांचे वृत्तांत व धांवांचे तक्ते छापून ठेविले. पुढें संशोधकांनीं वर्षानुवर्षें हीं जुनीं पानें चाळून एकेका खेळाडूचा हिशेब जुळविला. त्या खटपटीचें फळ असें कीं, डिसेंबर २०२० मध्यें अमेरिकेच्या वरिष्ठ बेसबॉल संस्थेनें १९२० ते १९४८ या काळांतील सात निग्रो साखळ्यांस वरिष्ठ श्रेणीचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे अधिकृत नोंदींत सामील केले. त्यासरशीं आजवर फलंदाजीच्या सरासरींत सर्वांच्या डोक्यावर बसलेला टाय कॉब हा ०.३६७ या आंकड्यासह दुसरा झाला, आणि ०.३७२ या सरासरीनें जॉश गिब्सन पहिला झाला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्यें, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं वारला होता. त्याचा न्याय त्यास सत्त्याहत्तर वर्षांनीं मिळाला, आणि तो मिळवून दिला वाळवी लागावयाच्या आधीं कोणीतरी जपून ठेविलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनीं. आमच्या घरांतून दिवाळीच्या सफाईंत रद्दीवाल्याच्या तराजूंत काय काय जातें, याचा विचार त्या वेळीं आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

दुसरी अडचण पहिलीच्या अगदीं उलट आहे. कागद थोडे असले म्हणजे कथा फार होतात. ‘कूल पापा’ बेल नांवाचा एक विलक्षण चपळ खेळाडू होता. तो खोलींतील दिव्याची कळ दाबून, अंधार पडावयाच्या आंत पांघरुणांत शिरे, अशी त्याच्याविषयीं त्याचा मित्र सॅचेल पेज याची आवडती गोष्ट. पुढें बेलनेंच खुलासा केला कीं, त्या उतारूगृहांतील कळ बिघडलेली होती, व ती दाबल्यावर दिवा विझावयास किंचित् वेळ लागे! आतां संग्रहालयानें यांतील काय सांगावें? नुसती कथा सांगितली तर इतिहास बुडतो, आणि नुसता खुलासा सांगितला तर बेल बुडतो. आमच्या मतें दोन्ही सांगावें. कारण ज्यांच्याजवळ कोणी छायाचित्रकार फिरकत नव्हता, त्या लोकांनीं आपल्या वीरांचीं चित्रें शब्दांनींच काढून ठेविलीं, हाही इतिहासच आहे. आणि दंतकथेचा दोष केवळ गरिबांच्याच माथीं मारूं नये. बेसबॉलचें सर्वांत थोर व श्रीमंत संग्रहालय कूपर्सटाउन या गांवीं आहे. १९३९ सालीं तें तेथें स्थापिलें गेलें तें कशाच्या आधारावर? तर १८३९ सालीं ॲबनर डबलडे यानें त्या गांवीं हा खेळ शोधून काढिला, या समजुतीच्या आधारावर. आणि ती समजूत आज कोणीही इतिहासकार खरी मानीत नाहीं.

असो. आतां प्रत्यक्ष संग्रहालयाकडे वळूं. १९९० सालीं या ‘निग्रो लीग्ज बेसबॉल म्यूझियम’ची सुरुवात झाली ती एका खोलीच्या कचेरींत. पैसा असा नव्हताच. बक ओ’नील व त्यांचे सोबती आळीपाळीनें त्या खोलीचें भाडें भरीत, असें सांगतात. ज्यांच्या घरीं भिशीची किंवा गणपतीच्या वर्गणीची परंपरा आहे, त्या आमच्या वाचकांस या आळीपाळीचें मोल निराळें सांगावयास नको. १९९७ सालीं संग्रहालयास अठरावा रस्ता व व्हाइन रस्ता मिळतात तेथें सुमारें दहा हजार चौरस फुटांची जागा मिळाली. हा चौक म्हणजे एके काळीं तेथील कृष्णवर्णीय वस्तीचें हृदय. जॅझ संगीताचें संग्रहालय त्याच इमारतींत आहे. आम्ही गेलों तेव्हां दिवाणखान्यांत दूर कोठें तरी तुतारीसारख्या वाद्याचे सूर ऐकूं येत होते.

आंत शिरतांच प्रथम दृष्टीस पडतें तें बेसबॉलचें एक लहानसें मैदान. त्यावर ज्याच्या त्याच्या जागीं कांशाचे मनुष्याकृति पुतळे उभे आहेत. चेंडू फेंकावयास सॅचेल पेज, पाठीमागें झेल घेण्यास वांकलेला जॉश गिब्सन, हातीं बॅट घेतलेला क्यूबाचा मार्तीन दिहिगो, दूर मैदानांत कूल पापा बेल व ऑस्कर चार्ल्सटन. परंतु पाहणारा आणि मैदान यांच्या मध्यें कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेची जाळी आहे. त्या काळीं कांहीं क्रीडांगणांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांस जाळीमागें निराळें बसवीत. तिची ही आठवण. जाळीपाशीं ओ’नील यांचा पुतळा मैदानाकडे पाहात उभा आहे.

आमच्या नातवास अर्थातच धीर निघेना. “दार कुठं आहे? मला आंत जायचंय,” तो म्हणाला.

“दार शेवटीं आहे. आधीं सगळं पाहून ये,” मुलगी म्हणाली.

“पण मला आतांच जायचंय!”

“त्यांनाही आतांच जायचं होतं, बाळा,” ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून पुढें चालूं लागली.

तो कांहीं बोलला नाहीं. पण त्या दिवशीं त्यानें एकही तक्ता न वाचतां सोडला नाहीं, हें आम्हीं पाहिलें. वाट त्या मैदानाच्या कडेकडेनें वळत जाते. दोन्ही बाजूंस काळक्रमानें छायाचित्रें, करारपत्रें, बूट, चेंडू, भित्तिपत्रकें, पाट्या मांडिल्या आहेत. मध्येंच जाळींतून पुन्हां मैदान दिसतें व पुन्हां नाहींसें होतें. सारा इतिहास चालून झाल्यावर शेवटीं तें दार येतें, आणि मनुष्य त्या पुतळ्यांमध्यें जाऊन उभा राहतो. आम्हीं लहानमोठीं बरींच संग्रहालयें पाहिलीं आहेत. परंतु जेथें वस्तूंपेक्षां वाटेच्या रचनेनेंच अर्थ सांगितला आहे, असें दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं. वस्तु थोड्या होत्या, म्हणूनच कदाचित् योजकांस ही युक्ति सुचली असावी.

परंतु तिसरी अडचण या युक्तीनेंही सुटत नाहीं, आणि आमच्या मतें तीच खरी अडचण होय. १९४५ सालीं मोनार्क्सच्या संघांत जॅकी रॉबिन्सन नांवाचा एक तरुण खेळत होता. त्यास ब्रुकलिनच्या गोऱ्या संघानें करारबद्ध केलें. मोनार्क्सना त्याबद्दल एक छदामही मिळाला नाहीं. १५ एप्रिल १९४७ रोजीं रॉबिन्सननें वरिष्ठ श्रेणींत पाऊल टाकिलें आणि तो अलिखित नियम मोडला. साऱ्या देशांतील कृष्णवर्णीयांनीं आनंदोत्सव केला, व तो सर्वथा योग्यच होता. पुढल्याच वर्षीं बेचाळीस वर्षांचा सॅचेल पेज क्लीव्हलंडच्या संघांत दाखल झाला. पण त्याबरोबर प्रेक्षकही आपल्या वीरांमागोमाग गेले. निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. १९५५ सालीं कॅन्सस सिटीस प्रथमच वरिष्ठ श्रेणींतील एक संघ लाभला, आणि त्याच वर्षीं मोनार्क्स विकले जाऊन परगांवीं गेले. संघ गेला, तशी अठराव्या रस्त्यावरची वर्दळही ओसरत गेली.

ज्या संस्थेचा अंत हाच न्यायाचा जय होता, तिचें स्मारक कसें करावें? हळहळावें, तर ज्या भेदानें ती संस्था जन्मास घातली त्याबद्दलच हळहळल्यासारखें होतें. न हळहळावें, तर आपल्या हातांनीं उभारलेलें घर, त्यांतील मालक, व्यवस्थापक, पंच, तिकिटें विकणारे, उतारूगृहें चालविणाऱ्या स्त्रिया, या सर्वांचा संसार मोडला त्याची वाट काय? गोऱ्या संघांनीं निवडक खेळाडू घेतले. बाकीच्यांस कोणी बोलाविलें नाहीं. दार उघडलें तें एकेकासाठीं, घरासाठीं नव्हे. संग्रहालय या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. तें दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवितें, आणि तेंच आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटलें. आपल्याकडे एखाद्या सुधारणेचा इतिहास लिहितांना आपण जय तेवढा लिहितों, आणि त्या जयाची किंमत कोणीं भरली तें पान कोरें सोडितों.

या साऱ्यांत कडवटपणा शिरण्यास भरपूर वाव होता. तो शिरला नाहीं याचें श्रेय बहुतांशीं बक ओ’नील यांस द्यावें लागेल. फ्लॉरिडांत जन्मलेल्या, भाजीच्या शेतांत राबलेल्या या मुलास गांवच्या गोऱ्यांच्या हायस्कुलांत प्रवेश नव्हता. १९३८ सालीं ते मोनार्क्समध्यें आले, पुढें संघाचे चालक झाले, आणि १९६२ सालीं शिकागोच्या ‘कब्स’ संघाचे शिक्षक म्हणून नेमले गेले. वरिष्ठ श्रेणींत तो मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. २००६ सालीं कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरासाठीं निग्रो साखळ्यांच्या काळांतील सतरा जणांची निवड झाली. चौऱ्याण्णव वर्षांच्या घरांत असलेल्या ओ’नील यांचें नांव तींत नव्हतें. त्या सतरांपैकीं हयात कोणीच नव्हतें. तेव्हां त्यांच्या वतीनें बोलावयास कोण येणार, असा प्रश्न आला. ओ’नील गेले. ज्या मंदिरांत आपल्यास जागा मिळाली नाहीं, त्याच्या पायरीवर उभे राहून त्यांनीं दुसऱ्यांचा गौरव केला, आणि आनंदानें केला. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं ते वारले. त्यांची निवड झाली ती डिसेंबर २०२१ मध्यें, व प्रतिष्ठापना २०२२ सालीं. कॅन्सस सिटीच्या आजच्या क्रीडांगणांत त्यांच्या नांवें एक तांबड्या रंगाची खुर्ची राखून ठेविलेली आहे, आणि समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या एखाद्या व्यक्तीस सामन्याच्या वेळीं तींत सन्मानानें बसवितात. संग्रहालयाचा हा एक तुकडा भिंतींबाहेर येऊन बसला आहे, असें आम्हांस वाटलें.

आतां नव्या योजनेविषयीं दोन शब्द. जागा अपुरी पडूं लागल्यामुळें, सुमारें तीस हजार चौरस फुटांची नवी इमारत बांधण्याची व त्यासाठीं अडीच कोटी डॉलर जमविण्याची योजना २०२३ सालीं जाहीर झाली. जागा कोणती निवडिली? तर १९२० ची ती बैठक जेथें भरली, त्या वाय. एम. सी. ए.च्या जुन्या इमारतीच्या शेजारची. शहराच्या श्रीमंत भागांत जागा पाहिली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्यांस कदाचित् अधिक सोयीची झाली असती. पण मग तें संग्रहालय बेसबॉलचें झालें असतें, या वस्तीचें नव्हे. जुन्या इमारतींत ओ’नील यांच्या नांवें शिक्षण व संशोधनाचें केंद्र करावयाचें काम चालूं होतें. २०१८ सालीं कोणी अज्ञातानें आंतील पाण्याचा नळ कापला आणि सारी इमारत पाण्यानें भरून मोठी हानि झाली. त्यानंतर देशभरांतून मदत आली व काम पुन्हां उभें राहिलें. आम्ही त्या इमारतीसमोर कांहीं वेळ उभे होतों. साधी विटांची इमारत. कोणी वाटसरू वळूनही पाहणार नाहीं. पण ज्या खोलींत एखादी गोष्ट जन्मली ती खोली उभी असतां, तिची प्रतिकृति दुसरीकडे बांधणें म्हणजे घरांत आजी जिवंत असतां तिच्या तसबिरीस हार घालण्यासारखें आहे.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर याच विषयाचें बोलणें निघालें. आम्हीं पुण्याच्या बाळू पालवणकरांची गोष्ट नातवास सांगितली. चांभार समाजांत जन्मलेले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबाचें मैदान राखीत व सरावासाठीं गोलंदाजी करीत. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीवांचून पुण्याच्या हिंदु संघाचें चालेना. पण चहाच्या वेळीं इतर खेळाडू मंडपांत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तो मंडपाबाहेर, वापरून टाकावयाच्या मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले, तरी हिंदु संघाचें नायकत्व त्यांच्या वांट्यास कधीं आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. विठ्ठलरावांनीं १९४८ सालीं ‘माझे क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र मराठींतच लिहून ठेविलें आहे.

नातू म्हणाला, “मग तुमच्या म्यूझियममध्यें तें मातीचं भांडं आहे का?”

आम्ही उत्तर शोधीत होतों, तों आमच्या सौभाग्यवतीच म्हणाल्या, “तें कसं असणार? टाकून देण्यासाठींच तर मातीचं. आमच्या माहेरीं ओटीवरच्या कोनाड्यांत कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. तो कोणासाठीं, हें कोणी सांगत नसे आणि कोणी विचारीतही नसे. वाडा पाडला तेव्हां चांदीची भांडीं वांटून घेतलीं. तो कप कुठं गेला, कोणालाच ठाऊक नाहीं.”

न लिहिलेला नियम आणि न जपलेली वस्तु, यांची जोडी अशी सर्वत्र सारखीच असते. कॅन्सस सिटीचे योजक ज्या अडचणींतून गेले, ती अडचण म्हणूनच आम्हांस परकी वाटत नाहीं. मराठी मुलखांतील अनेक जुन्या क्लबांनीं व संस्थांनीं आपली शताब्दि पाहिली आहे, आणि त्यांपैकीं कित्येकांत जुन्या स्मृतींचें दालन काढावें अशी चर्चा निघते. आमच्या वाचकांपैकीं अनेकजण अशा मंडळांवर असतात, म्हणून हें सविस्तर लिहिलें. करंडक अवश्य मांडावे. ते मेहनतीनें मिळविलेले आहेत. ज्यांच्या आजोबांनीं तें मैदान साफ केलें, खेळपट्टी लोळविली, सरावास गोलंदाजी केली, त्यांच्या घरीं जाऊन आठवणी लिहून घ्याव्या. त्या सांगणारे फार दिवस राहणार नाहींत. आणि कपाटाचा एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवावा. त्याखालीं, येथें एक मातीचें भांडें असावयास पाहिजे होतें, एवढेंच लिहावें व तें कोणाचें, हें सांगावें. येणारीं मुलें त्या कप्प्यापाशीं थांबतील आणि प्रश्न विचारतील. त्यांस उत्तर देण्यास कोणीतरी मोठें माणूस तेथें उभें असलें म्हणजे झालें.